लिहून देणार

ज्या प्रांताचा अर्वाचीन इतिहासच मुळी थकबाकीच्या एका कागदाने सुरू होतो, त्या प्रांतात नाण्यांचा नाद आणि देण्याघेण्यातली लबाडी ही दोन्ही एकाच देहात गुण्यागोविंदाने नांदताना आढळली, तर वाचकांनी फारसे आश्चर्य करू नये. कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने 1853 साली वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले, 1902 साली सालीना पंचवीस लाखांच्या ठरावाने तेच कायमच्या पट्ट्याने लिहून दिले, आणि तेव्हापासून ‘लिहून देणार’ व ‘लिहून घेणार’ यांखेरीज तिसरा वर्ग या मुलुखात उरलाच नाही, असे आमचे एक वकील स्नेही म्हणत असत. ज्यांच्याविषयी मी लिहिणार आहे ते गृहस्थ उभा जन्म लिहून घेणाऱ्यांपैकी होते; लिहून देण्याची पाळी त्यांच्यावर उतारवयात आली. त्यांना आपण बापूसाहेब म्हणू. हे नाव कोणा एकाचे नव्हे. अकोल्याच्या सराफ्यात असो की अमरावतीच्या राजकमल चौकात असो, खिशातून भिंग काढणारा, नाणे केवळ कडेला दोन बोटांनी धरणारा आणि ‘हे विकायचं नाही’ असे बजावून लगेच त्याचा भाव सांगणारा जो इसम भेटेल, तो बापूसाहेब समजावा.

वऱ्हाडात जुना रुपया घरोघर का निघतो, याचे कारण अमेरिकेत आहे. तिकडे 1861 साली यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, त्यांची दृष्टी आमच्या काळ्या मातीकडे वळली, आणि पुढली चार वर्षे येथे रुपयांचा असा पूर लोटला की पेढी आणि तिजोरी यांच्याशी परिचय नसलेल्या कुणब्याने तो गाडग्यात भरून चुलीमागे, गोठ्यात नि धुऱ्यावर पुरून टाकला. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ असे म्हणतात. कुऱ्हाड सोन्याची असेलही, पण दांडा निश्चितपणे चांदीचा होता. या गाडग्यांतून निघणाऱ्या रुपयावर बहुधा व्हिक्टोरिया राणीचे मुखकमल आणि 1862 हे साल असते, आणि त्यात एक मौज आहे: टांकसाळीने ते साल 1874 उजाडेपर्यंत बदललेच नाही. रुपये नवे पडत गेले, साल तेच राहिले. रुपया कोणत्या वर्षीचा, हे त्यावरील बारीक ठिपक्यांवरून अंदाजावे लागते, आणि त्या ठिपक्यांच्या पायी एकमेकांशी बोलणे टाकलेले सद्गृहस्थ आमच्या मंडळात आजमितीस निदान चार आहेत.

मंडळ म्हणजे नाणेप्रेमींचे मंडळ. सभासद साठएक, निम्मे अकोल्याचे, निम्मे अमरावतीचे. एरवी त्याचा सारा कारभार भ्रमणध्वनीवर चालतो. महिन्यातून एका रविवारी मात्र मूर्तिजापुरास बैठक भरते, कारण अमरावतीकर विद्वत्तेच्या अभिमानाने अकोल्यास जात नाहीत आणि अकोलेकर बाजाराच्या अभिमानाने अमरावतीस येत नाहीत.

या मंडळात बापूसाहेब प्रथम आले तेव्हा ते निर्मळ होते, हे त्यांच्या शत्रूनेही मान्य केले पाहिजे. नोकरी हिशेब खात्यात, पगार बेताचा, आणि नाद असा की अकबराच्या एलिचपूर टांकसाळीचा तांब्याचा एक दाम पाहण्यास मिळेल एवढ्या आशेवर त्यांनी शकुंतला रेल्वेच्या त्या गोगलगायीतून अचलपूरची वारी करावी, नाणे पाहावे, हातात घेऊन डोळे मिटावे आणि ज्याचे त्याला परत करून रिकाम्या हाताने, पण भरल्या चेहऱ्याने घरी यावे. अधःपात झाला तो एका दुबार नाण्याने. एकसारखी दोन नाणी झाली, एक विकून तिसरे घेतले, आणि अशा रीतीने नाद पोसण्यासाठी जो व्यापार सुरू झाला, तो पाचसहा वर्षांत इतका फोफावला की व्यापार पोसण्यापुरताच काय तो नाद शिल्लक राहिला. कोणी नाणे दाखवले की पूर्वी ते ‘वा!’ म्हणत, पुढे ‘वा’ गळाले आणि ‘केवढ्याले?’ तेवढे उरले.

त्यांच्या अपराधांची यादी मंडळाच्या दप्तरी तपशीलवार नोंदली आहे. नाण्यावर शतकांनी चढलेला जो काळसर थर, ज्याला जाणते लोक देवाच्या अंगावरील शेंदराइतके जपतात, तो त्यांनी चिंच आणि राख लावून घासून काढला, आणि लग्नातल्या समईसारखी लखलखणारी शिवराई ‘न वापरलेली’ म्हणून खपवली. गळ्यातल्या माळेतले डाख दिलेले रुपये कडी काढून, कानस मारून निर्दोष म्हणून दिले. तऱ्हाळ्याच्या बाबतीत तर त्यांनी कमालच केली. त्या वेळच्या अकोला जिल्ह्यात मंगरूळपीरजवळच्या या गावी 1939 साली सातवाहनांच्या पोटीन धातूच्या दीड हजारांहून अधिक नाण्यांचा संचय सापडला, वासुदेव विष्णु मिराशींनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि पुराणांच्या यादीत ज्यांचा पत्ता नाही असे कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांच्यासारखे राजे त्यातून उजेडात आले. इतिहासाला जे राजे सापडले नव्हते ते तऱ्हाळ्याने दिले. तऱ्हाळ्याला जे सापडले नव्हते ते बापूसाहेबांनी दिले. झिजलेला, अक्षरशून्य असा कोणताही गोटा त्यांच्या हाती आला की तो ‘तऱ्हाळ्याचा’ होई, आणि दीड हजारांचा तो संचय त्यांच्या कारकिर्दीत दुपटीने वाढला असावा. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास कलेक्टरास लेखी वर्दी द्यावी, असा 1878 चा कायदा आहे, याची कोणी आठवण दिली, तर ते शांतपणे म्हणत, “सापडलं असतं तर देली असती ना भाऊ वर्दी!” हे वाक्य किती अक्षरशः खरे होते, ते आम्हांस फार उशिरा कळले.

एक गोष्ट त्यांच्या बाजूची. एका अंगास कंपनीचे नाव व 1818 साल आणि दुसऱ्या अंगास रामपंचायतन असलेला, कंपनीने कधीही न पाडलेला तो आणा, जो तांदूळ ओढतो म्हणून भोळ्या लोकांनी जमिनी विकून घेतला, तो त्यांनी कधी हातात धरला नाही. वैष्णोदेवीच्या पाचाच्या नाण्यास लाखांचा भाव सांगणाऱ्यांची अशी बजबजपुरी माजली की ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेला असल्या व्यवहारांशी आपला काडीचा संबंध नसल्याचे जाहीर करावे लागले. त्या जाहिरातीचे कात्रण बापूसाहेबांनी मंडळात स्वतः वाटले. अडाण्यास फसवणे त्यांना कमीपणाचे वाटे. ते फक्त जाणकारांस फसवीत.

मला त्यांनी फसवले ते 1939 च्या रुपयात. सहाव्या जॉर्जचा त्या वर्षीचा चांदीचा रुपया फार थोडा चलनात आला. पुढच्याच वर्षी युद्धामुळे सरकारने रुपयातील चांदी निम्म्यावर आणली, आणि म्हणून 1938 चा रुपया चांदीच्या भावात मिळतो, तर 1939 चा माणसाला कर्ज काढायला लावतो. माझ्या रुपयातील नऊ हा सोनाराच्या कोरणीने आठाचे खालचे पोट फोडून घडवलेला होता. मी जाणकार असल्यामुळे मला ते दोन वर्षे दिसले नाही. माझ्या नातवाला चष्मा न लावता दिसले. हे प्रकरण बाहेर पडताच एकेक करून तक्रारी रुजू झाल्या, आणि मंडळाने बापूसाहेबांस एकमताने वगळले.

त्यांच्या धंद्यास याने धक्का बसला असेल असे कोणी समजू नये. पुण्यामुंबईचे गिऱ्हाईक त्यांना कायम होते. पण एक निराळीच आपत्ती ओढवली, जिचा विचार मंडळानेही केला नव्हता. नाणे दाखवायला माणूस उरला नाही. घरच्यांना त्यात रस नाही. सौभाग्यवतींना चांदी कळते, टांकसाळ कळत नाही. आणि गिऱ्हाइकाला नाणे दाखवले तर तो भाव विचारतो. एका दिवाळीत म्हणे त्यांना एलिचपूरचा एक सुरेख दाम मिळाला, अगदी नोकरीच्या दिवसांत ज्यासाठी ते अचलपुरास जात तसा, आणि तो तळहातावर घेऊन ते अकोल्याच्या टिळक रोडने संध्याकाळभर नुसते हिंडले. शेवटी रसवंतीवाल्याला दाखवला. तो म्हणाला, “चालत नाही जी हे. दुसरं द्या.”

त्यानंतर आठच दिवसांत त्यांचा निरोप आला की माफी मागायची आहे.

मूर्तिजापूरच्या बैठकीस त्या दिवशी जी गर्दी झाली ती कोणत्याही व्याख्यानास झाली नव्हती. बापूसाहेब धुतलेले धोतर नेसून आले, बुकिंगच्या रांगेत उभे असल्यासारखे दाराशी थांबले आणि खिशातून चौघडी कागद काढला. माफीनामा मुद्रांकावर करण्याचा त्यांचा बेत होता. पण शंभराचा मुद्रांक पाचशेचा झाल्यामुळे पश्चात्ताप साध्या कागदावर भागवला असल्याचे त्यांनी प्रथमच कबूल केले. मजकूर असा होता: “लिहून देणार, खाली सही करणार, राहणार अकोला, धंदा पूर्वी नोकरी, हल्ली पश्चात्ताप, लिहून घेणार, समस्त मंडळ, अकोला व अमरावती. कारणे माफीनामा लिहून देतो ऐसा जे, द्रव्यलोभाने माझ्या हातून नाण्यांचे घासणे, डाख बुजवणे, संचय वाढवणे व आठाचे नऊ करणे असे गुन्हे घडले, ते मी राजीखुशीने, कोणाचे दडपणाखाली न येता कबूल करतो. सबब बिनशर्त माफी असावी.” येथवर सर्व ठीक होते, परंतु ज्याने तीस वर्षे घासाघीस केली त्याला बिनशर्त या शब्दावर थांबता येत नाही. “तथापि,” असे म्हणून ते पुढे वाचू लागले, “सरकारने बारा वर्षे रुपयावर 1862 हे एकच साल छापले व त्याबद्दल आजतागायत माफी मागितली नाही, लिहून देणाराने फक्त एकदा साल बदलले व तेही पुढचे घातले, हा मुद्दा मंडळाने लक्षात घ्यावा.”

सभेत सन्नाटा पसरला, आणि त्या सन्नाट्याचे खरे कारण मला तेथे बसल्याबसल्या समजले. ज्यांनी ज्यांनी बापूसाहेबांकडून खोटे घेतले होते, त्यांतल्या बहुतेकांनी ते खोटे असल्याचे ध्यानात येताच यवतमाळच्या, वाशीमच्या किंवा नागपूरच्या कोणा नवशिक्याच्या गळ्यात बांधून मुद्दल वसूल केले होते. आता माफी स्वीकारावी तर आपणही कोणाची तरी मागणे लागतो, आणि नाकारावी तर नाणे कोठे आहे ते दाखवावे लागते. तेव्हा अध्यक्षांनी घसा साफ करून “झालं गेलं जाऊ द्या बाप्पा” असा ठराव मांडला, त्याला इतक्या घाईने अनुमोदन मिळाले की ठिपक्यांवरून न बोलणारे चार गृहस्थही एकदम ‘मंजूर’ म्हणाले.

मी मात्र रुपया सोबत नेला होता. एकट्यानेच तो ठेवला होता, कारण तो विकण्याइतका नवशिका मला मिळाला नव्हता. बापूसाहेबांनी तो हातात घेतला, कोरलेल्या नऊवरून नख फिरवले आणि त्यांच्या मुद्रेवर अपराध्याची नव्हे तर कारागिराची छटा उमटली. “परत घेतो जी. अर्ध्या भावात.” अर्ध्या का, असे विचारता, “घसारा,” असे हिशेब खात्यातले उत्तर आले. खोट्या नाण्याची झीज मला मान्य होईना. शेवटी नाणे मी ठेवावे आणि त्यांनी ते खोटे असल्याचा स्वतंत्र माफीनामा सहीनिशी द्यावा, असा तोडगा निघाला.

पुढल्या रविवारी अकोल्याच्या एका संग्राहकाने माझ्या त्या रुपयास, माफीनाम्यासकट, मूळ किमतीच्या सव्वापट मागणी केली. खरा 1939 दोघातिघांकडे आहे, म्हणाला. पण बापूसाहेबांच्या हातचा नऊ, कबुलीसह, जगात एकच. ही वार्ता सुटताच लोकांनी यवतमाळहून, वाशीमहून आपापली खोटी नाणी दुप्पट भावाने परत आणली, आणि बापूसाहेबांच्या दारी माफी मागून घेणाऱ्यांची रांग लागली. त्यांनी पहिल्या चौघांना फुकट लिहून दिले. पाचव्यापासून लेखणावळ सुरू केली.

परवाच्या बैठकीत अमरावतीच्या एका तरुणाने मोठ्या अभिमानाने एक काळवंडलेला सातवाहन आणि त्यासोबत जुनाट दिसणारा, चहाचे डाग पडलेला एक माफीनामा मेजावर ठेवला. बापूसाहेबांनी भिंग काढले. नाण्याकडे पाहिलेही नाही. कागद उजेडाकडे धरला, सहीच्या शेवटच्या फराट्यावर बराच वेळ रेंगाळले, मग कागदाची घडी होती तशी घालून, कडेला दोन बोटांनी धरून, त्यांनी तो हळूच तरुणापुढे सरकवला.

“खोटा आहे रे पोरा,” ते म्हणाले. “खरा पाहिजे असन तर माह्याजवळ आहे एक. पण तो विकायचा नाही.”

आणि त्यांनी भाव सांगितला.