आवराआवर

रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या घरी निजानीज होते. त्याआधीचे विधी ठरलेले. दूध फ्रीजमध्ये, गॅसचा रेग्युलेटर बंद, दाराची कडी दोनदा ओढून पाहणे. एवढं झालं की मी पलंगावर मांडी घालून बसतो आणि मोबाईलची आवराआवर काढतो. दिवसभरात उघडलेली अ‍ॅप्स पत्त्यांसारखी एकामागे एक उभी असतात. त्यांना अंगठ्याने एकेक करून वर भिरकवायचं. बँक गेली. हवामान गेलं. पंचांग गेलं. सकाळी ज्याच्या भरवशावर रिक्षाची वाट बघत पंचवीस मिनिटं उन्हात उभा राहिलो, त्याला जरा जोरात भिरकावतो. शेवटी पडदा नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ होतो आणि मला वाटतं, चला, आता बिचारी बॅटरी सुखाने झोपेल.

हा संस्कार मोबाईलने केलेला नाही. ‘रिकाम्या खोलीत दिवा कुणाच्या बापासाठी जळतोय?’ हा प्रश्न आमच्या घरात दिवसातून चारदा विचारला जाई. विचारणारे वडीलच असल्यामुळे उत्तर देण्याची सोय नव्हती. पुढे ऑफिसात संगणक आला. तीन खिडक्या एकदम उघडल्या की तो डोळे पांढरे करायचा, म्हणून एक बंद केल्याशिवाय दुसरी उघडायची नाही ही शिस्त लागली. मग माझा पहिला अँड्रॉइड फोन आला. त्याची मेमरी जेमतेम ५१२ एमबी. त्यात मी सफाईचं एक अ‍ॅप टाकलं होतं. बटण दाबलं की पडद्यावर झाडू फिरायचा आणि इतके इतके एमबी मोकळे झाले म्हणून आकडा झळकायचा. एवढं रोख पुण्य देवळातसुद्धा कुणी हातावर ठेवत नाही. तासाभराने पुन्हा दाबलं की पुन्हा तेवढाच कचरा निघायचा. तो रोज येतो कुठून, असा प्रश्न मला कधी पडला नाही. झाडणाऱ्याने असे प्रश्न विचारू नयेत.

हे सगळं सुरळीत चालू असताना भाची राहायला आली. ती हिंजवडीत अ‍ॅप्स बनवणाऱ्या कंपनीत काम करते. माझी रात्रीची कवायत तिने दोन मिनिटं पाहिली.

“मामा, हे काय चाललंय?”

“बॅटरी वाचवतोय.”

“वाचवतोयस कसली, खर्च करतोयस!”

मग तिने मला समजावलं. तुला हे पत्ते दिसतात ना, ती चालू अ‍ॅप्स नव्हेत, नुसती अलीकडे उघडलेल्यांची यादी आहे. त्यातली बहुतेक पडद्याआड गेल्यावर थोड्याच वेळात गोठवली जातात. ती रॅममध्ये जागा अडवून असतात, पण प्रोसेसरला काम सांगत नाहीत. आणि रॅम भरलेली असो की रिकामी, ती टिकवायला वीज जवळपास तेवढीच लागते. जागा कमी पडली की ज्याच्याकडे तू बराच वेळ फिरकला नाहीस, त्याला फोन स्वतःच बाहेर काढतो. तू मात्र रात्री सगळ्यांना हाकलतोस आणि सकाळी पुन्हा बोलावतोस. मग प्रत्येकाला पहिल्यापासून उभं राहावं लागतं: साठवणीतून उचला, मेमरीत मांडा, इंटरनेटवरून ताजा माल आणा. प्रोसेसरला खरी मेहनत तिथे पडते. तुझा तो झाडूवाला हेच करायचा. हाकललेले मागल्या दाराने परत यायचे आणि तो पुन्हा झाडायचा.

ऐकता ऐकता मला आजीची चूल आठवली. कोकणातल्या तिच्या स्वयंपाकघरात रात्रीची भांडी आवरली की आजी चुलीतले निखारे एका बाजूला ओढायची आणि त्यांवर राखेचं पांघरूण घालायची. पहाटे राख बाजूला केली, फुंकणीने दोन फुंकरा मारल्या की निखारा डोळे उघडायचा. काडेपेटी लागायची नाही, रॉकेल लागायचं नाही, धुराने घर भरायचं नाही. तिच्या चुलीवर कुणी रात्री तांब्याभर पाणी ओतून ‘बघा, कशी बचत केली’ म्हणाला असता, तर पुढे काय झालं असतं ते मला लिहवत नाही. मी मात्र रोज रात्री हौसेने तांब्या ओतत होतो. आणि निखाऱ्याला राखेखाली निदान थोडा कोळसा तरी जाळावा लागतो. गोठलेल्या अ‍ॅपचा तेवढाही खर्च नाही.

तरी घरच्या माणसाचं लगेच पटू नये हा नियम आहे, म्हणून मी बाहेरचे साक्षीदार शोधले. मार्च २०१६ मध्ये आयफोन वापरणाऱ्या एकाने थेट अ‍ॅपलचे प्रमुख टिम कुक यांना पत्र धाडून दोन गोष्टी विचारल्या होत्या. तुम्ही स्वतः अशी अ‍ॅप्स बंद करत बसता का, आणि बॅटरीसाठी ते गरजेचं आहे का? उत्तर आलं ते सॉफ्टवेअरचा कारभार पाहणाऱ्या क्रेग फेडेरिगी यांच्याकडून. नाही आणि नाही. त्याच सुमारास अँड्रॉइडची धुरा सांभाळणारे हिरोशी लॉकहायमर यांनीही सांगितलं, की बंद करण्याने झालंच तर किंचित नुकसान होईल. एखादं अ‍ॅप बेफाम सुटलं असेल तर गोष्ट वेगळी. दोन भाऊबंद बांधावरून कोर्टात भांडत असावेत आणि एका मुद्द्यावर दोघांची साक्ष तंतोतंत जुळावी, तसं हे झालं. अशा वेळी न्यायाधीशाने फार विचार करू नये. त्याआधी, २०१० मध्ये आयफोनवर एकाच वेळी अनेक कामं करण्याची सोय जाहीर करताना स्टीव्ह जॉब्स यांचंही म्हणणं हेच होतं: चालू कामांचा हिशेब वापरणाऱ्याला ठेवावा लागत असेल, तर बनवणाऱ्याचंच चुकलं. आम्ही मात्र बनवणाऱ्याचं काम अंगठ्यावर घेऊन बसलो होतो, तेही बिनपगारी.

मग बॅटरी खातं कोण? भाचीने सेटिंग्जमधली बॅटरीची यादी उघडून माझ्यापुढे धरली. बँकेचं, हवामानाचं, पंचांगाचं नाव कुठे तळाशी. सगळ्यात वर व्हिडिओचं अ‍ॅप, पडद्यावर तीन तास चाळीस मिनिटं. मालवणी माशांचे कालवण-व्हिडिओ मी इतके पाहतो हे मलाही ठाऊक नव्हतं, आणि बायकोला ते त्या क्षणी कळलं. घरातली साखर कुठे जाते म्हणून वर्षभर मुंग्यांवर संशय घ्यावा आणि डबा आपल्याच उशाशी सापडावा, त्यातली गत. खाली पडद्याच्या उजेडाचा वाटा होता. मी तो कायम पूर्ण ठेवतो, कारण चष्म्याचा नंबर वाढलाय हे मला मान्य नाही. आणि पुण्याहून दादरला जाताना लोणावळ्यापुढे बॅटरी का ढासळते, तेही कळलं. घाटात बोगद्यामागून बोगदे येतात, रेंज जाते-येते, आणि लांबच्या टॉवरला गाठण्यासाठी फोन जिवाच्या आकांताने ओरडत राहतो. मी तिकडे खिडकीशी बसून निरपराध अ‍ॅप्स भिरकावत असे.

अपवाद आहेत. हँग झालेलं अ‍ॅप खुशाल बंद करावं. पोचल्यावरही रस्ता दाखवत बसलेला नकाशा बंद करावा; तो झोपलेला नसतो, सॅटेलाइटचे संदेश ऐकत असतो. पडद्यामागे खरोखर उचापती करणाऱ्याला यादीत गाठून सेटिंग्जमधून आवर घालावा. नुसतं वर भिरकावून तो ऐकेलच असं नाही. उलट जे गरीब असतात, ते काही फोनांवर या भिरकावण्याने पुन्हा उघडेपर्यंत गप्प होतात. रक्तदाबाच्या गोळीची आठवण करून देणारं माझं अ‍ॅप असंच दोन दिवस मुकं झालं होतं. मी मात्र त्याच्यावर चिडून रक्तदाब वाढवून घेतला.

सगळं पटलं. त्या रात्री मी फोन तसाच ठेवला आणि अकरा वाजेपर्यंत जागा राहिलो. अंगठ्याला चैन पडेना. गच्चीची गळती तीन पावसाळे तशीच आहे, सोसायटीची मिटिंग दर महिन्याला पुढे ढकलली जाते, सातबाऱ्यावरच्या नावाची दुरुस्ती ‘साहेब रजेवर आहेत’ इथेच अडली आहे. दिवसभरात एक गोष्ट अशी होती, की जी मी सुरू करायचो आणि दीड मिनिटात संपवायचो. बॅटरीसाठी नव्हे, माझ्यासाठी मी ती करत होतो, हे मला तेव्हा कळलं.

आणि आजी पुन्हा आठवली. निखारे नीट झाकून झालेले असायचे, तरी झोपायला जाताना ती चुलीपाशी एकदा वाकायची आणि राखेवरून तळवा अलगद फिरवायची. निखाऱ्याला त्याची काही गरज नव्हती.

मी उठलो, बाजूचं बटण दाबून पडदा काळा केला, फोन टेबलावर पालथा घातला आणि त्याच्या पाठीवर हलकेच थोपटलं. सकाळी अंगठा टेकवला, तर मालवणी मावशींचं कालवण रात्री जिथे थांबलं होतं तिथेच होतं. फोडणीत नुकता लसूण पडला होता.