गेटरची श्रेणी

प्रोग्रामिंग शिकताना ‘विद्यार्थी’ नावाचा क्लास कधी ना कधी लिहावाच लागतो. त्याला नाव असतं, टक्के असतात आणि श्रेणी सांगणारी एक गेटर मेथड असते. ७५ला विशेष प्रावीण्य, ६०ला प्रथम श्रेणी, ४५ला द्वितीय, ३५ला पास. दहावीच्या कृपेनं हे कोष्टक मराठी माणसाला पाढ्यांसारखं पाठ असतं. त्यात चुकण्यासारखं काय आहे?

नवशिका पायथनमध्ये अटी लिहितो, पण चढत्या क्रमानं. पस्तीस किंवा जास्त असतील तर पास, नाहीतर पंचेचाळीस किंवा जास्त... प्रोग्राम विनातक्रार चालतो आणि ९२ टक्केवाल्याला ‘पास’ ठरवून मोकळा होतो. त्याचं तरी काय चुकलं? ब्याण्णव पस्तिसापेक्षा जास्त आहेतच! इफ-एलिफच्या रांगेत पहिली खरी अट भेटली, की खालच्यांना कुणी विचारत नाही.

क्रम सुधारला की हुरूप येतो. श्रेणी ‘विशेष प्रावीण्य’ ऑर ‘प्रथम’ असेल तर अभिनंदन छापायचं ठरतं. माणसाला हे कळलं असतं. पायथन मात्र ‘ऑर’पुढचं ‘प्रथम’ ही वेगळीच अट धरतो, आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग त्याच्या लेखी खरी. मग नापासांचंही अभिनंदन होतं. उत्तीर्ण आहे का, हे सांगणाऱ्या साध्या मेथडपुढचे कंस राहिले, तर ती चालतच नाही. पण ती नुसती अस्तित्वात आहे एवढ्यावर अट खरी ठरते. शाळेचा निकाल शंभर टक्के!

अशा वेळी स्क्रीनकडे टक लावून उपयोग नसतो, कारण आपण लिहिलेलं वाचत नाही, मनातलं वाचतो. रबरी बदकाला कोड समजावून सांगण्याची युक्ती ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या १९९९ सालच्या पुस्तकात आहे. आपल्याकडे आजी चालते. ती शांतपणे ऐकते आणि विचारते, “अरे, पण ज्याला तीसच पडले, त्याला काय सांगणार?” विसरलेला एल्स तिथल्या तिथे सापडतो. तोवर त्या पोराच्या श्रेणीत पायथनचं ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, येत असतं. त्याला नापास म्हणायचंही कुणाला सुचलेलं नसतं.

तेव्हा गेटर खोटं बोलतोय असं वाटलं, तर आधी त्याला ३४, ३५, ५९, ६०, ७४, ७५ असे काठावरचे टक्के देऊन पाहा. अटी घसरतात त्या बहुधा काठावरच.