मुंबईतला मुलगा

"परभणी? म्हणजे नागपूरच्या बाजूला ना?" डोंबिवली पूर्वेला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकीणकाकूंनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी परभणी जरा सरकवून सोलापूरजवळ आणली. मीही फार ताणलं नाही. डिपॉझिट देऊन झालं होतं. "तुमच्याकडे पाण्याचे फार हाल ना रे?" असं हळहळत काकू उठल्या आणि पिंप भरायला धावल्या. नळ सहाला जातो.

आमच्या घरापासून कृषी विद्यापीठ सायकलच्या टप्प्यात. तरी कापूस-सोयाबीनवाल्याचा मुलगा देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर बसून ठाण्याला आला, तो बँकिंग-इन्शुरन्स शिकायला. वडिलांचा पीकविमा नेमका कुठे अडकतो, हे घरातल्या एकाला तरी कळावं, एवढाच त्यामागचा शैक्षणिक विचार.

खरं शिक्षण मात्र लोकलमध्ये. गावाकडे एसटीची वेळ विचारली तर उत्तर मिळतं, "येईल की!" इथे गाडीला नावच मिनिटाचं. "आठ एकोणीस गेली," असं काका म्हणतात तेव्हा चेहऱ्यावर सुतक असतं. दारात पाय ठेवताच प्रश्न, "उतरायचं कुठे?" ठाणे म्हटलं की अख्खा डबा वळून बघतो. बदलापूरहून बसून आलेले एक गृहस्थ कडाडले, "ठाण्यासाठी फास्ट? स्लो गाड्या काय लोणचं घालायला ठेवल्यात?" शेजारच्याने, एक शब्द न बोलता, बैलाची झूल सारखी करावी तशी माझी पाठीवरची सॅक फिरवून पोटावर आणली.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, तेव्हा १४ डब्यांत सुमारे ४०० पाहुणे होते. डब्याला ३० सुद्धा नाहीत! तेवढे तर रोज नुसते माझ्या सॅकला टेकून येतात.

कॉलेजात मी 'लांबचा', कारण डोंबिवलीचा. असं म्हणणारी मुलं घोडबंदर रोडला राहतात आणि माझ्यानंतर पोहोचतात. डोंबिवलीकरांना कल्याण लांब, कल्याणकरांना टिटवाळा. गावात मात्र मी थेट मुंबईचा. तलावपाळीचा संध्याकाळचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, त्यात दोन बोटीही होत्या. मामांनी लिहिलं, "समुद्र शांत दिसतोय." आजीचा तर लगेच फोन, भरतीच्या वेळी काठावर जाऊ नको म्हणून. नाही जात म्हटलं.

आता दिवाळीत मामा, मामी आणि त्यांची तीन पोरं मुंबई बघायला येताहेत. देवगिरीची तिकिटंही काढून झाली. पहिल्या पहाटे त्यांना फडके रोडवर नेऊन उभं करणार आहे. नटूनथटून लोटलेली डोंबिवली बघून त्यांचं समाधान झालं तर उत्तम. नाहीच झालं, तर गेटवे आणि राणीची बाग आम्ही सहाही जण एकदमच पहिल्यांदा बघू.