आजीचे ॲप नाही

मुलांचा शब्दसंग्रह वाढवायचा तर अभिजात कादंबरी वाचायला द्यावी, हे रत्नागिरीतल्या पालकांनाही आता पटले आहे. त्यासाठी श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२) नामी. कथा दापोलीकडची, म्हणजे याच जिल्ह्यातली. त्यामुळे कठीण शब्दांना तोटा नाही. पाखाडी, आगर, पोफळ, गडगा, खोत असल्या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ मारायची, मोबाइलवर अर्थ शोधायचा, वहीत उतरवायचा आणि वही वाळत ठेवायची बाहेरच्या गडग्यावर.

पडवीत सुपारी कातरत बसलेल्या आजीला विचारावे, असे कोणाच्या मनात येत नाही. मोल्सवर्थ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने इथल्या शास्त्र्यांना हाताशी धरून, विचारून विचारून १८३१ साली मराठीचा कोश काढला. साहेबाचा नाइलाज होता. त्याची आजी विलायतेत होती.

आता आजीनेच ‘ॲडव्हान्स्ड मराठी’चा क्लास काढावा. फी मात्र सणसणीत ठेवावी. एरवी पै-पैचा हिशेब ठेवणारा कोकणी माणूस भाषेच्या बाबतीत फुकटाला मुळीच भुलत नाही.