पेशीची एकादशी

2016 सालचं वैद्यकाचं नोबेल योशिनोरी ओसुमी या जपानी शास्त्रज्ञाला मिळालं, आणि तेव्हापासून एकादशी जवळ आली की फोनवर एक निरोप हमखास येतो. उपास केल्यावर शरीरातल्या पेशी स्वतःचाच कचरा खातात, हे आता जपान्यांनी सिद्ध केलं, आपल्या पूर्वजांना ते कधीचंच ठाऊक होतं, वगैरे. शेवटी हात जोडलेले. निरोप धाडणारे काका त्या वेळी बहुधा साबुदाण्याच्या खिचडीवर लिंबू पिळत असतात.

या निरोपाची पंचाईत अशी, की तो अर्धा खरा आहे. पेशी स्वतःला खाते, हे खोटं नव्हे. फक्त ती पंचांग बघून खात नाही.

शाळेत पेशीची आकृती काढताना सगळा मान केंद्रकाला. ते ठळक, मधोमध. तंतुकणिकेला ‘ऊर्जाकेंद्र’ हा किताब. लयकारिका म्हणजे उरलेल्या जागेत पेन्सिलीनं मारायचे चार ठिपके, आणि नाव काय, तर ‘आत्मघाती पिशव्या’. फुटल्या की पेशीलाच गिळतात म्हणे. मला हे बिरूद अन्यायाचं वाटतं. लयकारिकेच्या आत आम्ल असतं आणि त्या आम्लात काम करणारी सुमारे साठ विकरं असतात. बाहेरचं पेशीद्रव्य आम्लधर्मी नसतं, त्यामुळे एखादी पिशवी फुटलीच तर त्यातली बरीचशी विकरं बाहेर येऊन निष्प्रभ होतात. घातपाताचा एवढा बंदोबस्त करून ठेवणाऱ्याला आत्मघाती कसं म्हणायचं? ख्रिश्चन द ड्यूव या बेल्जियन शास्त्रज्ञानं 1955 साली लयकारिका जगापुढे आणली. 1974 साली त्यांनाही नोबेल मिळालं. ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण, हे नावही त्यांनीच 1963 साली दिलं.

स्वभक्षण चालतं ते असं. पेशीद्रव्यात एक दुपदरी पडदा उगवतो, वाटीसारखा वाकतो आणि समोर येईल त्याला कवेत घेतो: वेडीवाकडी घडी पडलेली प्रथिनं, थकलेली तंतुकणिका, चुकून शिरलेला एखादा जीवाणूसुद्धा. वाटीचं तोंड मिटतं, तिची पिशवी होते, ती जाऊन लयकारिकेत मिसळते आणि आतल्या मालाचा भुगा होतो. जुन्या साड्यांची गोधडी शिवावी, तसला हा प्रकार नाही. गोधडीत आजीच्या साडीचा काठ तरी ओळखू येतो. इथे प्रथिनाचं सुटं सुटं अमिनो आम्ल होतं आणि त्यातून नवं प्रथिन विणलं जातं.

हा व्यवहार केवढा मोठा आहे, ते ताटाकडे पाहून कळत नाही. आपण दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं खातो, तीही डाळ-उसळ नीट असेल तर. शरीर मात्र रोज दोनशे ते तीनशे ग्रॅम नवी प्रथिनं बनवतं. वरचा माल येतो कुठून? मोडीतूनच. ही सगळी मोड एकट्या लयकारिकेची नव्हे, पेशीत त्यासाठी दुसरीही यंत्रणा आहे. पण बाहेरच्या जेवणापेक्षा आतलं जेवण भारी, आणि ते बारा महिने चालू, श्रावण असो वा शिमगा.

उपाशीपणी स्वभक्षण वाढतं, हे मान्य. पण उपाशीपणी, फराळपणी नव्हे. लयकारिकेच्या पाठीवरच एमटॉर नावाचं एक प्रथिन येऊन बसतं. अमिनो आम्लांची आवक आहे, रक्तात इन्शुलिन आहे, असा सांगावा मिळाला की ते स्वभक्षणाला लगाम घालतं. आता खिचडी बघा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यानं इन्शुलिन वाढणारच. दाण्याच्या कुटात शंभर ग्रॅमला पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं. वर बटाटा, शेजारी दही. एमटॉरच्या दृष्टीनं हा लग्नाच्या पंगतीचा दिवस. चातुर्मासात कांदा-लसूण सोडला होता की नाही, याची ते चौकशी करत नाही.

जपानमध्येच उंदरांना 24 तास उपाशी ठेवून पाहिलं. यकृत, स्नायू, हृदय, बहुतेक सगळीकडे स्वभक्षण वाढलेलं दिसलं. मेंदूत मात्र नाही. (उपासाच्या दिवशी आपल्याला जे जे पदार्थ आठवतात, त्यावरून मला हे आधीच कळायला हवं होतं.) पण म्हणून मेंदूला स्वभक्षण नकोच असतं, असं नाही. 2006 साली उंदरांच्या मज्जापेशींतलं हे काम बंद पाडलं, तर उपास-पारणं काहीही नसताना आत प्रथिनांच्या गुठळ्या साचत गेल्या आणि उंदरांना धड चालता येईना. मज्जापेशी विभागत नाही, त्यामुळे साचलेला कचरा दोन लेकींत वाटून द्यायची सोय तिला नाही. तिची झाडलोट रोजची.

मग ओसुमींनी काय केलं? 1988 साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, टोकियो विद्यापीठात त्यांना स्वतःची छोटी प्रयोगशाळा मिळाली. त्यांनी निवडली यीस्टची रिक्तिका, म्हणजे यीस्टच्या घरची लयकारिकाच. इतरांच्या लेखी ती कचराकुंडी, त्यामुळे तिथे गर्दी नव्हती. अडचण एवढीच, की आत गेलेलं लगेच पचतं, मग दिसणार काय? म्हणून त्यांनी पचवणारी विकरंच नसलेलं यीस्ट घेतलं आणि त्याला उपाशी ठेवलं. काही तासांत रिक्तिकेत न पचलेल्या पिशव्यांची दाटी झाली, साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसावी इतकी. पुढे त्यांनी यामागची 15 जनुकं शोधली.

आमच्या आत्या निर्जळी करतात, खरीखुरी, घोटभर पाण्याशिवाय. त्यांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या ओसुमींनी स्वतः किती उपास केले?”

“त्यांनी नाही हो आत्या, यीस्टला ठेवलं उपाशी.”

“असं होय,” आत्या म्हणाल्या. “उपास यीस्टचा आणि बक्षीस ह्यांना.”