तबकड्यांची जबानी

ज्या काळी आंतरजालाचा वेग सर्वस्वी टेलिफोनच्या तारेच्या मर्जीवर अवलंबून असे, त्या काळी ‘पीसीक्वेस्ट’सारख्या मासिकाच्या अंकाबरोबर येणारी लिनक्सची तबकडी हा आमच्यासारख्या हौशी मंडळींचा मोठाच लाभ असे, आणि मित्रमंडळींनी उदार अंतःकरणाने दिलेल्या नकलांची त्यात भर पडत गेल्यामुळे आमच्या घरातील एक अख्खे कपाट या ऐवजाने कायमचे व्यापले. नकलांवर दात्यांचे शेरे होते: ‘महत्त्वाचे’, ‘नवीन’, ‘हीच वापर’. यांतील ‘नवीन’ कोणत्या सालचे, याचा उलगडा खुद्द दात्यांनाही होईना.

“अहो, एकेक घालून बघा की!” असे आमच्या सौभाग्यवतींनी सुचविले. सूचना व्यवहार्य होती, म्हणूनच ती मान्य होण्यासारखी नव्हती. कारण ज्याला शेल स्क्रिप्ट लिहिता येते तो मनुष्य जे काम डोळ्यांनी सहज होईल त्यासाठी एक कारकून नेमल्यावाचून राहत नाही. तबकडी हजर होताच तिची शहानिशा करून कोणती प्रणाली, कोणती आवृत्ती, कितवी तबकडी याचा दाखला द्यावा, असे फर्मान मी या कारकुनास लिहून दिले.

तबकडीची अंतर्रचना आयएसओ ९६६० या १९८८ च्या मानकाने बांधलेली आहे. २०४८ बाइटांचा एक सेक्टर, असे पहिले सोळा सेक्टर हे मानक मोकळे सोडते. त्यापुढे, म्हणजे ३२७६८ बाइट ओलांडल्यावर, ‘सीडी००१’ ही मोहोर लागते, आणि ३२८०८ पासून बत्तीस अक्षरांत तबकडीचे नाव. ‘डीडी’ ही आज्ञा तेवढीच अक्षरे अलगद उचलून आणते. परंतु घरी बर्न केलेल्या तबकडीचे नाव कोणीही काहीही ठेवू शकतो, सबब दुसरा साक्षीदार हवा.

डेबियनच्या तबकडीत ‘.डिस्क’ नामक फोल्डरात ‘इन्फो’ फाईल असते, आणि तीत आवृत्तीचा सविस्तर उल्लेख असतो. रेड हॅटची ‘.डिस्कइन्फो’ अधिक विद्वान: तिची पहिली ओळ १ जानेवारी १९७० पासून लोटलेले सेकंद सांगते! विंडोज एक्सपी मात्र मितभाषी. ‘विन५१’ ही फाईल नुसती हजर असली की आमच्यापुरती ओळख पटली, आत काय लिहिले आहे हे पाहण्याची गरज नाही. ‘ऑटोरन.इन्फ’ची साक्ष मी साफ अग्राह्य ठरविली, कारण ती विंडोजच्या तबकडीत आढळते तशीच छपाईयंत्राच्या ड्रायव्हरच्या तबकडीतही आढळते, आणि जो प्रत्येक खटल्यात हजर असतो त्याच्या शब्दाला कोणते न्यायालय किंमत देईल?

हा सारा निवाडा शेलच्या ‘केस’ रचनेत बसविला, आणि शेवटी तारांकित कलम ठेवले: जी तबकडी कशातच बसत नाही ती ‘अनोळखी’. कारभार सुरळीत चालू असता सौभाग्यवतींच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची तबकडी यंत्रात गेली, आणि कारकुनाने निर्विकारपणे शिक्का मारला: ‘अनोळखी’.

“माझं माहेर अनोळखी?”

तत्काळ ‘व्हिडिओ_टीएस’ हे फोल्डर आढळल्यास ‘मंगलकार्य’ असे नोंदविणारे नवे कलम घालण्यात आले. ज्या वाचकांच्या घरी अशी तरतूद करण्याचा प्रसंग येईल त्यांनी ते कलम तारांकिताच्या वर लिहावे. तारांकित जे येईल ते स्वीकारते, आणि त्याच्याखाली लिहिलेले कलम कधीही अमलात येत नाही.