राजवाडा आतून पाहिला म्हणे!

अहो, ऐकलंत का? जरा अशा इकडे सरका, त्यांच्या खिडक्या उघड्या आहेत. परवा हळदीकुंकवाला तुम्ही आला नाहीत, मोठीच गंमत हुकली हो!

कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या काकू युरोप टूर करून आल्यात, ते तर गावाला ठाऊक आहे. आल्यापासून लिश्टनस्टाइन एके लिश्टनस्टाइन. देश केवढा, तर १६० चौरस किलोमीटर! पण काकूंचं वर्णन संपेल तर शपथ. म्हणाल्या, "वाडूझचा राजवाडा आतून काय बाई थाटाचा! झुंबरं काय, गालिचे काय..." सगळ्याजणी आ वासून ऐकतायत. तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधली ती नवी सून, झुरिकला नोकरीला होती ना, तीच... अगदी गोड आवाजात म्हणते कशी, "काकू, तुम्हाला आत कसं सोडलं? १९३८ पासून राजघराणं राहतं तिथे. पर्यटकांना आत नेतच नाहीत."

अहो, काकूंचा चेहरा! तिळाची वडी ओठांपाशीच थांबली. मग म्हणाल्या, "म्हणजे... बाहेरून आतलं दिसत होतं." उंच कड्यावरचा किल्ला, आणि खालून झुंबरं दिसली! मी पदर तोंडाला लावला.

तर काय सांगत होते... हां, ती सून. मग काय, सगळ्या तिच्याभोवती. तळमजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "विमान थेट जातं का गं?" ती म्हणाली, "विमानतळच नाही तिथे." झुरिकहून रेल्वेनं तासाभरात सारगान्स, स्टेशनाबाहेर ११ नंबरची बस, की अर्ध्या तासात वाडूझ. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर बसचं वेगळं तिकीट नको. वेगळा व्हिसाही नको, २०११ पासून शेंगेनचाच चालतो. पैसेसुद्धा स्विस फ्रँकच.

काकू मधेच म्हणाल्या, "पासपोर्टावर शिक्का मात्र मी घेतला हं, तीन फ्रँक देऊन!" लगेच वहिनींचे यजमान, सरकारी नोकरीतले ते, दारातूनच म्हणाले, "पासपोर्ट सरकारी दस्तऐवज आहे, हौसेचे शिक्के त्यावर कशाला? पोस्टकार्डावर घ्यायचा!" काकू पुन्हा गप्प. मला तर बाई कीवच आली.

आणि खायचं म्हणाल तर आपल्यासारख्या शाकाहारी माणसांची सोय आहे. केसक्नॉप्फ्ले म्हणून पदार्थ असतो, पिठाचे बारीक गोळे भरपूर चीजमधे घोळवलेले, वर तळलेला कांदा, आणि बाजूला सफरचंदाचा गोड गर. अंडं असतं हं त्यात, चालत नसेल तर आधी विचारा. महाग मात्र सगळंच, म्हणून सून सुपरमार्केटातून ब्रेड-चीज घेऊन ऱ्हाइनकाठी जायची. तिथला जुना लाकडी पूल आहे ना, छपराचा, १९०१ सालचा? अर्धा यांचा, अर्धा स्वित्झर्लंडचा. मधोमध उभं राहा, कोणी हटकत नाही. बर्फ हवा असेल तर २१ नंबरची बस थेट मालबूनला, सोळाशे मीटर उंचीवर.

आणि गंमत ऐका, त्यांचा राष्ट्रीय दिवसही १५ ऑगस्टच! रात्री वाडूझला आतषबाजी असते. हे ऐकल्यावर काकूंनी पिशवी उचलली, "उशीर झाला गं..." म्हणत निघाल्या.

खरं सांगू? थापेचं सोडा, पण बाकी काकूंचा तरी काय दोष? त्यांच्या टूरवाल्यानं बस थांबवली ती जेमतेम तासभर. त्यातच बाथरूमची रांग, फोटो आणि शिक्का. तुमच्या चिरंजीवांचं यंदा स्वित्झर्लंडचं चाललंय ना, म्हणून सांगते. टूरच्या नादी लागू नका, बसनं जा आणि एक मुक्काम तरी करा. देश एवढासा म्हणून वेळही एवढासाच द्यायचा, असं थोडंच असतं?